मरीनातली बेवारस बोट स्वस्तात मिळत असेल तर आधी हे वाचा

शेवाळलेले दोर, उन्हाने चिरफळ्या झालेलं शिडाचं आवरण, पाण्याखाली बार्नॅकलचा, म्हणजे तळाला चिकटून बसणाऱ्या कवचाच्या जिवांचा, जाड थर. वर्षानुवर्षं जागची न हललेली अशी शिडाची बोट बहुतेक मरीनांमध्ये, म्हणजे भाड्याने बोटी लावून ठेवायच्या धक्क्यांवर, एखादी तरी असते. तशीच एक मला विकण्यात आली. विकणाऱ्याला ती विकायचा अधिकारच नव्हता. हा व्यवहार कसा रचला होता ते सविस्तर सांगते, कारण हीच रीत दुसऱ्यांवरही वापरली जाते आहे.

जाहिरातीत ‘मालक परदेशी, तातडीने विकणे आहे’ असं होतं. भेटला तो मध्यस्थ. मालकाने अधिकारपत्र दिलंय म्हणाला, मोबाइलवर नोंदणीच्या कागदाचा फोटो दाखवला आणि पैसे पोचले की मूळ कागद येतील असं सांगितलं. धक्क्याच्या भाड्याचं विचारताच त्याने पावती पुढे केली. पावती खरी होती, पण एकाच हंगामाची. त्याआधीचं सगळं भाडं थकलेलं होतं आणि ते मला पैसे दिल्यानंतर, बोट हलवायला गेल्यावर मरीनाच्या कार्यालयात कळलं. थकबाकी भरल्याशिवाय बोट सोडणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. अनेक देशांत मरीनाला तसा हक्क असतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. सागरी कायद्यात खलाशांचा थकलेला पगार किंवा बचावकार्याचा मोबदला अशी काही देणी बोटीलाच चिकटलेली असतात. बोटीचा मालक बदलला तरी ती फिटत नाहीत. नोंदणी दप्तरातून उतारा काढल्यावर या बोटीवर कर्जाचं तारणही निघालं. फोटोत ते पान मुद्दामच नव्हतं. नोंदणीकृत मालकाशी संपर्क झाला तेव्हा त्याने कुणालाही अधिकारपत्र दिलेलं नव्हतं.

बोट दाखवण्याची तयारीही तितकीच कसून केलेली होती. मी पोचले तेव्हा इंजिन आधीच गरम होतं. झिजलेलं डिझेल इंजिनही गरम असताना चटकन सुरू होतं. त्याची खरी परीक्षा थंड असताना होते. बिल्ज, म्हणजे बोटीच्या तळातली पाणी साचण्याची जागा, त्याच सकाळी उपसलेलं असणार, कारण नंतर कपाटांच्या मागे पाणी साचून राहिल्याची रेघ सापडली. डेकवर ताजा रंग होता. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्साचं हलकं लाकूड असेल, तर स्क्रूच्या भोकांतून पाणी आत झिरपतं आणि ते लाकूड कुजून लगदा होतं. वरून काहीच दिसत नाही. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत गेलं की चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द.

डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा ज्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात त्या चेनप्लेटचंही तसंच. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवणारा पातळ थर टिकायला प्राणवायू लागतो. पट्टी डेकमधून जिथे आत शिरते तिथे ओल कोंडून राहते आणि धातू आतून खाल्ला जातो, वरचा भाग चकचकीत असतानाही. ती तुटली तर डोलकाठीच कोसळू शकते. तळातल्या छिद्रांवरचे व्हॉल्व्ह साध्या पितळेचे असतील तर त्यांतलं जस्त समुद्राच्या पाण्यात निघून जातं आणि गुलाबीसर, ठिसूळ तांबं मागे उरतं. माझ्या बोटीतला एक व्हॉल्व्ह मेकॅनिकच्या हातातच तुटला.

बोट पाण्याबाहेर काढून तपासायची मागणी मी केली होती. त्यावर क्रेन रिकामी नाही, दुसरं गिऱ्हाईक पैसे घेऊन थांबलंय, असं उत्तर आलं आणि एक तयार सर्व्हे अहवाल हातात ठेवला गेला. तो बोट पाण्यात असतानाच केलेला होता. कीलचा, म्हणजे बोटीला उलटू न देणाऱ्या तळाखालच्या जड पात्याचा, जोड त्यात पाहिलेलाच नव्हता. २०१४ मध्ये अटलांटिक महासागरात ‘चीकी राफिकी’ या बोटीचा कील निखळला आणि चार खलाशी गेले. ही तपासणी टाळायला लावणारा माणूस कुणाच्या तरी जिवाशी खेळत असतो.

या बोटी इतक्या स्वस्त का, तेही सांगते. फायबरग्लास कुजत नाही आणि वितळवून पुन्हा वापरताही येत नाही. कीलच्या शिशाला भाव मिळतो, बाकीचं कापून टाकायला उलटे पैसे मोजावे लागतात. फ्रान्समध्ये २०१९ पासून नव्या बोटींवरच्या वर्गणीतून जुन्या मोडायची सोय झाली आहे, पण अशी व्यवस्था बहुतेक ठिकाणी नाही. म्हणून भाडं थकवून मालक गायब होतात आणि मधले लोक त्या ओझ्याला गिऱ्हाईक शोधतात.

बोट आवडली तर आधी मरीनाच्या कार्यालयात स्वतः जा आणि बोटीच्या नावाने थकबाकी नसल्याचं पत्र मागा. नोंदणीचा उतारा स्वतः काढा. बोटीच्या मागच्या बाजूला कोरलेला ओळख क्रमांक त्याच्याशी अक्षरन् अक्षर जुळवा. मालकाशी प्रत्यक्ष बोला. सर्व्हेअर तुम्ही निवडलेला हवा आणि बोट जमिनीवर असायला हवी. पैसे मध्यस्थाच्या खात्यात अजिबात टाकू नका.

मी पोलिसांत तक्रार केली आहे. पैसे परत आलेले नाहीत. मध्यस्थाचा फोन बंद आहे, पण त्याच बोटीचे तेच फोटो आता नव्या नावाने जाहिरातीत फिरत आहेत. ताजा पांढरा डेक, निळं फाटकं आवरण आणि ‘मालक परदेशी’.