उताराचा नाला की धारण तलाव?

एक हेक्टरवर 50 मिमी पाऊस म्हणजे 500 घनमीटर पाणी. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात पालापाचोळा आणि मुळं त्यातलं बरंच जिरवतात, निदान माती चिंब होईपर्यंत. काँक्रीटवर तेच पाणी जवळजवळ सगळं गटारात.

ठाण्यात ते डोंगरावरून नाल्यांनी खाडीकडे धावतं. उतारामुळे वेग फुकटात मिळतो, पण सोबत माती-दगडही येतात. उतार मंदावला की ते बसतात, बऱ्याचदा नेमके पुलाखाली. मग पाणी वस्तीत शिरतं.

नवी मुंबईचा खाडीलगतचा भाग भरावाचा, सखल. भरतीला खाडी वर चढते, म्हणून पाणी आधी धारण तलावात, म्हणजे पावसाचं पाणी तात्पुरतं साठवणाऱ्या तळ्यात, थांबतं. तोंडाशी झडप: आतली पातळी वर असली की उघडते, भरती आली की खाडीच्याच दाबाने मिटते. पंपाविना चालणारी झकास सोय! पण झडपेत एखादी गोणी अडकली की खाडी आत येते. गाळ साचला तर साठवण घटते, आणि त्यावर खारफुटी उगवली की उपसायला परवानग्या लागतात.

मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली तर तलावच उजवा, मोकळा असला तर. ओहोटीला नाला पुरतो. पुलाखालचा गाळ मात्र मे महिन्यातच काढायला हवा.