विद्यार्थी आंबेडकर वाचायचे तर सहावा खंड

बाबासाहेबांच्या शिक्षणाबद्दल बोलताना बहुतेकदा पदव्यांची यादी वाचून दाखवली जाते. त्या पदव्यांसाठी त्यांनी लिहिले काय, हे पाहायचे तर महाराष्ट्र शासनाच्या ‘रायटिंग्ज अँड स्पीचेस’ मालिकेतला, वसंत मून यांनी संपादित केलेला सहावा खंड हाती घ्यावा लागतो. कोलंबियातला ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावरचा १९१५चा प्रबंध, तिथल्याच पीएच.डी.चा प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ (१९२५) आणि लंडनच्या डी.एस्सी.चा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ (१९२३) हे सारे इथे एकत्र मिळते. खंड इंग्रजीत आहे आणि तो सोपा नाही.

छापलेल्या क्रमाने वाचू नका. कंपनीवरचा प्रबंध चाळीसेक पानांचा आहे, तो आधी संपवा. मग थेट शेवटाकडे जाऊन १९२५च्या चलन आयोगापुढची साक्ष वाचा. तोंडी साक्षीत प्रश्नोत्तरे असल्याने त्यांची भूमिका लवकर कळते. त्यानंतर रुपयाचा ग्रंथ, आणि प्रांतिक वित्त सर्वांत शेवटी.

रुपयाच्या ग्रंथात वाचक अडखळतो तो हिशेबात. १ पौंड म्हणजे २० शिलिंग, १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स. म्हणून रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्स दिला असेल, तर तो १.४ शिलिंग नव्हे, तर १६ पेन्स. २४० भागिले १६, म्हणजे पौंडाला १५ रुपये. एवढे कागदावर लिहून शेजारी ठेवा. १८७०च्या सुमारास रुपया जवळपास २ शिलिंगांचा होता, म्हणजे पौंडाला १० रुपये. चांदी घसरली आणि १८९२-९३मध्ये तो सव्वा शिलिंगावर आला, म्हणजे पौंडाला १६ रुपये. भारत सरकारने दरवर्षी लंडनला पौंडांत द्यायची रक्कम तेवढीच, पण इथल्या करदात्याच्या खिशातून जाणारे रुपये दीडपटीहून जास्त. १८९३मध्ये टांकसाळी लोकांनी आणलेल्या चांदीसाठी बंद का झाल्या, हे या आकड्यांवरून लख्ख समजते. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स ज्या सुवर्ण विनिमय पद्धतीची (देशात रुपयेच चालवायचे, पण त्यांचा दर सोन्याशी बांधून ठेवायचा) बाजू घेत होते, तिच्यावर तिशी नुकतीच ओलांडलेला हा विद्यार्थी सरळ हल्ला चढवतो. सरकारच्या हाती रुपये पाडण्याचा मोकळा अधिकार राहिला तर किमती वाढतात आणि त्याची झळ गरिबाला बसते, हा त्यांचा मुख्य मुद्दा. प्रस्तावना लिहिणारे त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांना त्यातले सगळे पटलेले नव्हते आणि त्यांनी ते तिथेच लिहिले. ती प्रस्तावना अजिबात वगळू नका.

प्रांतिक वित्ताचा भाग रुक्ष आहे, तक्त्यांनी भरलेला. पण केंद्राने प्रांतांना पैसा पुरवण्याचे १८७१पासूनचे तीन टप्पे (नेमून दिलेली रक्कम, नेमून दिलेले महसूल, वाटून घेतलेले महसूल) डोक्यात बसले की केंद्र आणि राज्यांच्या आजच्या वादांची मुळे दिसू लागतात. हा ग्रंथ सयाजीराव गायकवाडांना अर्पण केला आहे. ज्यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३मध्ये अमेरिका गाठली, त्यांचे ऋण असे फेडलेले पाहून मन भरून येते.

उणीव एकच, पण मोठी. कोणते लेखन कोणत्या पदवीचे, हे वाचकाला स्वतःच जुळवावे लागते. लंडनची १९२१ची एम.एस्सी.देखील प्रांतिक वित्ताच्याच विषयावर असल्याने तिची कोलंबियाच्या पीएच.डी.शी हमखास गल्लत होते. ती पीएच.डी. रीतसर मिळाली १९२७मध्ये, कारण प्रबंध छापून प्रती सादर करण्याचा तिथला नियम होता. पुढच्या आवृत्तीत एका पानाचा कालपट जोडायला हवा.

परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत आहे. मोबाइलवर मात्र तक्ते वाचवत नाहीत. निदान रुपयाचा भाग तरी छापील घ्या. छापील प्रतीसाठी शासकीय ग्रंथागारात आधी चौकशी करून जावे. जातिसंस्थेवरचा १९१६चा कोलंबियातला निबंध या खंडात नाही, तो पहिल्या खंडात आहे.