बीटा चाचणीतील स्वयंसेवा : 6 आठवड्यांचा अनुभव
एका ऑनलाइन मल्टिप्लेअर गेमच्या बंद बीटा चाचणीत (गेम सर्वांसाठी खुला होण्यापूर्वी निवडक खेळाडूंकडून होणाऱ्या तपासणीत) मी 6 आठवडे विनामोबदला काम केले. नवा गेम इतरांच्या आधी फुकट खेळायला मिळेल, एवढ्याच अपेक्षेने कोणी नाव नोंदवणार असेल, तर त्याची निराशा होईल. कारण गोपनीयतेच्या करारामुळे साधा स्क्रीनशॉटही कोणाला दाखवता येत नाही आणि चाचणी संपताच सगळी प्रगती पुसली जाते.

खरे कष्ट बग, म्हणजे गेममधला दोष, शोधण्यापेक्षा तो पुन्हा घडवून दाखवण्यात आहेत. दोन खेळाडूंनी एकच पेटी एकाच क्षणी उघडली की आतली तलवार दोघांनाही मिळत असे. मात्र पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) 150 मिलिसेकंदांच्या वर गेल्यावरच हे घडते, हे ताडायला मला आणि माझ्या जोडीदाराला 3 रात्री जागाव्या लागल्या. बिल्ड क्रमांक (गेमच्या त्या आवृत्तीचा क्रमांक), क्रमवार कृती आणि लॉग फाइल (गेमने आपोआप ठेवलेली नोंद) जोडून अहवाल पाठवला, तेव्हा कुठे सर्व्हरवरची चूक पकडली गेली. असे दोष एकट्याने खेळून सापडतच नाहीत, म्हणून हे काम मला मनापासून मोलाचे वाटते.

तक्रार आहे ती अहवालाच्या फॉर्मबद्दल : तोच बग आधी कोणी कळवला आहे का, हे पाहण्याची सोय त्यात नाही.