शाल-श्रीफळाला सुट्टी: सरांसाठी घेतलेली निकॉन मोनार्क एम5 (8×42) दुर्बीण

रिव्ह्यू दुर्बिणीचाच आहे, पण ती कोणासाठी घेतली ते सांगितल्याशिवाय चार स्टार का दिले ते कळणार नाही. म्हणून थोडं ऐकून घ्या.

आमच्या ग्रुपला पक्षी बघायला ज्यांनी शिकवलं ते सर आता सत्तरी पार आहेत. ते पक्ष्यांचे प्रोफेसर वगैरे नाहीत, शाळेत गणित शिकवायचे, आणि रविवारी सकाळी नागपूरचं अंबाझरी नाहीतर गोरेवाडा, थंडीत पारडगावचा तलाव, ज्याला यायचं त्याने या, फी नाही काही नाही. यंदा पक्षी सप्ताहात त्यांचा सत्कार करायचा असं ठरलं. हा सप्ताह 5 ते 12 नोव्हेंबर, म्हणजे जंगलावर लिहिणारे मारुती चितमपल्ली यांच्या वाढदिवसापासून पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत, 2020 पासून सरकारीच झालाय. चितमपल्लींना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. इतकी वर्षं नागपुरात राहिलेला माणूस, त्यामुळे ग्रुपमधले सगळेच हळवे झालेले, आणि कोणीतरी बोललं की आपल्या सरांचं काय करायचं ते आताच करू, नंतर फोटोला हार घालण्यात काय अर्थ आहे.

मग सुरू झाला व्हॉट्सॅपवरचा गोंधळ. शाल, श्रीफळ, मोमेंटो. सीताबर्डीला एका दुकानात मोमेंटो बघायला गेलो तर अ‍ॅक्रिलिकच्या सँपलवर युरोपातला रॉबिन छापलेला! म्हटलं भाऊ, आपल्याकडचा दयाळ टाका न, तर तो म्हणे मॅडम पक्षी पक्षीच असतो. हा मोमेंटो सरांना दिला असता तर त्यांनी स्टेजवरच आम्हाला विचारलं असतं, हा कुठे दिसला तुम्हाला?

कारण त्यांची पद्धतच तशी आहे. नाव कधी सांगत नाहीत. पक्षी दिसला की आधी विचारणार, साइज केवढी, चिमणीएवढा की साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? चोच कशी? शेपूट हलवतो का? जमिनीवर चालतो की उड्या मारतो? आणि हे सगळं सांगून झालं की मगच पुस्तक उघडायचं. नवीन पोट्टे चिडतात सुरुवातीला, सांगून टाका न सर म्हणतात. आणि दुसरी सवय म्हणजे गळ्यातली दुर्बीण काढून नवीन आलेल्याच्या हातात द्यायची. स्वतः नुसत्या डोळ्याने बघत उभे. ती जुनी दुर्बीण तर इतक्या हातांतून गेलीय की दोन्ही नळ्यांची लाईन हललेली, एका चिखल्याचे (पाण्याच्या काठावरचा छोटा पक्षी) दोन दिसायचे, आणि आपल्याकडच्या पावसाळ्याने आतल्या काचेला बुरशी धरलेली. तरी तीच वापरून राहिले होते. त्यामुळे दुर्बीणच द्यायची हे एकदा सुचल्यावर वाद संपला.

आता वस्तूबद्दल. दुकानदार 10×50 घ्या म्हणून मागे लागला होता (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा समोरच्या काचेची रुंदी मिलिमीटरमध्ये), झूम जास्त म्हणजे माल चांगला हे त्याचं गणित. पण झूम वाढला की हाताची थरथर पण तेवढीच वाढून दिसते, आणि सत्तरीच्या हाताला हे लगेच जाणवतं. 8×42 मध्ये 42 भागिले 8, म्हणजे सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशाचा गोल डोळ्यात येतो, 10×42 मध्ये तोच 4.2. पहाटे साडेसहाला झाडाखालच्या अंधारात नवरंग शोधायचा असेल तर हा फरक खरंच दिसतो. एम5 मधून 1000 मीटरवर 112 मीटर रुंदीचा देखावा दिसतो. नवीन माणसाला दुर्बीण लावल्यावर पक्षीच सापडत नाही, नुसती पानं दिसतात, तिथे हा रुंदावा कामाचा.

पण आम्ही हीच का घेतली याचं खरं कारण चष्मा. सरांना जाड चष्मा आहे, आणि स्वस्त दुर्बिणीतून चष्मेवाल्याला मधला छोटा गोल दिसतो, बाकी काळं. या दुर्बिणीचा आय रिलीफ 19.5 मिलिमीटर आहे, म्हणजे डोळा काचेपासून इतका लांब असला तरी पूर्ण चित्र दिसतं. आयकप, म्हणजे डोळ्याकडच्या रबरी कडा, फिरवून खाली करायचे, चष्मा काढायची गरज नाही. चष्मेवाल्यांनी दुर्बीण घेताना बाकी काही नाही बघितलं तरी चालेल, हा एक आकडा बघाच.

काच ईडी आहे, म्हणजे कडांना रंग फुटू न देणारी खास काच. याचा उपयोग मला आधी कळत नव्हता, मग वाळलेल्या झाडावर बसलेला पाणकावळा उजेडाच्या विरुद्ध बघितला, काळ्या अंगाच्या कडेला जी जांभळी रेघ साध्या दुर्बिणीत येते ती इथे जवळजवळ नाहीच. आणि काठावरच्या कंठेरी चिखल्याच्या डोळ्याभोवतीचं पिवळं कडं इतकं स्पष्ट, की ग्रुपमधली सातवीतली पोरगी स्वतःहूनच म्हणाली, हा केंटिश नाही (केंटिश चिखल्या असाच दिसतो, पण त्याला हे पिवळं कडं नसतं). सर काही बोलले नाहीत पण खूश झालेले कळत होतं.

अडीच मीटरपर्यंत जवळचं फोकस होतं, त्यामुळे फुलपाखरं, चतुर पण बघता येतात. आत नायट्रोजन भरलेला, वॉटरप्रूफ, म्हणून जुन्या दुर्बिणीसारखी बुरशी लवकर धरणार नाही अशी आशा. तरी डब्यात सिलिका जेल टाकूनच ठेवा, आणि मे महिन्यात बंद गाडीत तर अजिबात ठेवू नका.

एक स्टार कापला तो वजनासाठी. 630 ग्रॅम. ऐकायला काही नाही, पण दोन तास गळ्यात टांगली की मान बोलते. वेगळा हार्नेस घेऊन दिला, वजन खांद्यांवर जातं, तेव्हापासून तक्रार नाही. आणि किंमत पाच आकडी, एकट्याच्या खिशाला हलकी नाही, आमच्यात पुण्या-बंगळुरूला गेलेल्या जुन्या पोरांनी पण पैसे टाकले म्हणून जमलं.

कार्यक्रम छोटाच होता, तर्री पोहे आणि दोन भाषणं. एकाने मिलार्डची गोष्ट सांगितली ती फार बरोबर बसली. 1908 मध्ये लहानग्या सलीमने छऱ्याच्या बंदुकीने एक वेगळीच चिमणी पाडली, मामांनी त्याला बीएनएचएसमध्ये (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) पाठवलं, तिथे सेक्रेटरी असलेल्या मिलार्ड साहेबाने ती पिवळ्या गळ्याची चिमणी म्हणून ओळखली, आणि पोराला हाकलायचं सोडून भरून ठेवलेल्या पक्ष्यांचा अख्खा संग्रह दाखवला, वाचायला पुस्तकं दिली. सलीम अली सगळ्यांना माहीत, मिलार्ड किती जणांना माहीत आहे? सरांनी उत्तर म्हणून भाषण केलंच नाही, दुर्बीण कशी सेट करायची ते शिकवलं. उजवा डोळा बंद, मधल्या चाकाने डावा फोकस करा, मग डावा बंद करून उजव्या नळीवरचं डायॉप्टर, म्हणजे दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक जुळवणारी रिंग, फिरवा. दुर्बीण दुसऱ्याच्या हातात गेली की हे परत करायचं, नाहीतर डोकं दुखतं आणि लोक काचेला दोष देतात.

नवीन सुरुवात करणाऱ्यांनी लगेच ही घेऊ नका, आधी कोणाचीतरी वापरून बघा, स्वस्त 8×40 पण सुरुवातीला पुरते. पण कोणाला भेट द्यायची असेल आणि ते चष्मा लावत असतील तर डोळे झाकून घ्या. फक्त बिल त्यांच्याच नावाचं करून घ्या आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का मारून घ्या, सगळ्यांनी मिळून घेतलेल्या वस्तूचं बिल नंतर कोणाकडेच सापडत नाही.