फोंड्यातलं समुपदेशन केंद्र: माणसं एक नंबर, कागद मात्र कपाटात

आईला डिप्रेशन आहे, तिला घेऊन गेले काही महिने फोंड्यातल्या एका छोट्या समुपदेशन केंद्रात जातेय. नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी जी तक्रार आहे ती सगळीकडचीच आहे. पाचपैकी चार स्टार.

तिथल्या ताई डॉक्टर नाहीत, ट्रेनिंग घेतलेल्या समुपदेशक आहेत, कोकणीत बोलतात, घड्याळाकडे बघत नाहीत. फी परवडते. पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दरवेळी आधी भरून घेतात तो नऊ प्रश्नांचा फॉर्म, पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, कशात मन लागतं का, जीव नकोसा वाटला का, प्रत्येकाला ० ते ३, बेरीज जास्तीत जास्त २७. आई पहिल्यांदा कंटाळली, पण ताई मागची बेरीज आणि आजची शेजारी शेजारी ठेवून दाखवतात ना, मग "काय फरक नाय गो" म्हणणारी आई स्वतःच बोट ठेवून सांगते की झोपेचा आकडा उतरलाय. आकडा चढला तर ताई लगेच पद्धत बदलतात.

आणि हे आपल्या गोव्यातच सिद्ध झालंय. 'संगाथ' या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने इथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांकडून उपचार दिले, २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला, तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्के. पैसा संशोधनाला निधी देणाऱ्या लंडनच्या वेलकम ट्रस्टचा.

आता एक स्टार का कापला. हे सगळे आकडे कागदावर आणि कागद कपाटात. गोळ्या बदलायच्या म्हणून आईला दुसरीकडे नेलं तर तिथे सगळं पहिल्यापासून सांगा, कुठली गोळी कधी बंद केली ते आठवा, आई परत रडली, मला खूप वाईट वाटलं. आणि एका केंद्राकडे पेशंट किती असणार, त्यावरून कोणाला नुसतं बोलून बरं वाटतं, कोणाला गोळी लागतेच, कोण मधेच यायचं सोडतं हे कळणार नाही. चार-पाच केंद्रं, बांबोळीचं मनोरुग्णालय, कॉलेजं यांनी आकडे एकत्र ठेवले तर कळेल. त्याला पैसे लागतात, कॉम्प्युटरला, डेटा सांभाळणाऱ्या माणसाच्या पगाराला, ते द्यायला कोणीतरी पुढे यायलाच हवं, शिबिरं काय, होतच असतात. वेलकमनेच पुढे ब्रिटन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या टीम्सना तरुणांच्या डिप्रेशन आणि चिंतेवरचा आधीच जमलेला डेटा वापरायला निधी दिला, टीममध्ये स्वतः आजार भोगलेली माणसं हवीत अशा अपेक्षेने. इथेही तसंच हवं. कारण आईची अट साधी आहे, "गावात कळता नये, मग घ्या काय ते." गोवा एवढासा, नुसतं नाव काढून भागत नाही, वाडा, वय आणि आजार लिहिला की शेजारीण ओळखते. ही गोष्ट ऑफिसात बसलेल्याला सुचणार नाही, आईला सुचते. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्तता हा पेशंटचा हक्कच आहे.

जायचं असेल तर आधी फोन करून वेळ घ्या, सकाळी गर्दी कमी असते, जुन्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या सोबत न्या. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर १४४१६ लावा, टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे आणि चोवीस तास चालू असतं.