पाणी उपसण्याचा पंप हायड्रॉलिक घ्यावा की विजेचा? देखभालीच्या अंगाने तुलना

पावसाळ्यापूर्वी पंप घ्यायला निघालेला ठेकेदार किंवा सोसायटीचा सचिव सहसा दोनच गोष्टी विचारतो: पंप पाणी किती काढेल आणि पडेल केवढ्याला. पंप बिघडल्यास तो कुठे, कोणाकडून आणि किती दिवसांत दुरुस्त होईल, हा प्रश्न मात्र तळघरात गुडघाभर पाणी साचल्यावरच सुचतो. येथे केलेली तुलना त्या प्रश्नापुरतीच आहे.

विजेच्या सबमर्सिबल पंपात मोटर पाण्यातच बुडालेली असते आणि तिचे वाइंडिंग (तांब्याच्या तारेची गुंडाळी) कोरडे ठेवण्याची जबाबदारी शाफ्टवरचे मेकॅनिकल सील, त्यामागची तेलाची कोठडी आणि केबल आत शिरते तिथली घट्ट बुचासारखी केबल ग्लँड यांच्यावर असते. हायड्रॉलिक पंपात पाण्याखाली वीज जातच नाही. काठावरच्या पॉवर पॅकमधील डिझेल इंजिन तेलाला दाब देते, ते तेल होजमधून (जाड रबरी नळीतून) खाली जाऊन इम्पेलरवरची (पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकावरची) छोटी मोटर फिरवते आणि दुसऱ्या होजने परत टाकीत येते. हातांनी उचलता येणारे लहान पंप साधारणतः १४० बारच्या आसपासच्या दाबावर आणि मिनिटाला २० ते ४० लिटर तेलावर चालतात. बिघाड कुठे होणार आणि तो कोण दुरुस्त करणार, हे मुख्यतः या रचनेतील फरकावरून ठरते.

विजेच्या पंपाची देखभाल थोडी आहे, पण ती चुकली तर भुर्दंड मोठा पडतो. हंगामापूर्वी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) इन्सुलेशन तपासावे आणि वाचन एक मेगोहमच्या खाली आल्यास पंप पाण्यात सोडू नये. तेलाच्या कोठडीचा बूच उघडून थोडे तेल काचेच्या पेल्यात घ्यावे. ते दुधाळ दिसले तर खालचे सील गळत आहे, हे नक्की समजावे. पंप केबलला धरून उचलणे, कोरडा चालवणे आणि एक फेज गेलेली असताना चालू ठेवणे या तीन सवयींनी वाइंडिंग जळते, आणि मग रिवाइंडिंगसाठी पंप काही दिवस कामावरून जातो. मिस्त्री नागपूर शहरात मुबलक आहेत, ही जमेची बाजू. ऐन पावसात त्यांच्याकडे रांग लागते, ही दुसरी.

हायड्रॉलिक पंपाचा खालचा भाग मात्र सहसा कुरकुर करत नाही. थोडा वेळ कोरडा चालला तरी जळायला त्यात वाइंडिंगच नाही. खरी देखभाल वर, जमिनीवर असते आणि तिचा सगळा भर तेलाच्या स्वच्छतेवर असतो. कपलर (होज जोडण्याची झटपट कडी) जोडण्यापूर्वी दोन्ही तोंडे स्वच्छ फडक्याने पुसावीत आणि होज सुटे केल्यावर त्यांची टोपणे लगेच लावावीत. टोपणाऐवजी पॉलिथिनची पिशवी बांधणारा मदतनीस चार दिवसांत मोटरमध्ये वाळू पोहोचवतो. फिल्टर नव्या यंत्रात लवकर आणि पुढे पुस्तिकेतील तासांप्रमाणे बदलावा, आणि टाकीतले तेल फिकट, ढगाळ दिसू लागल्यास पाणी शिरले आहे असे समजून ते काढून टाकावे.

आमच्याच हातून एका तळघराच्या कामावर झालेली चूक येथे सांगणे भाग आहे. परतीच्या होजचा कपलर अर्धाच बसला होता. दाबाचा होज नीट जोडलेला असल्याने पॉवर पॅक सुरू झाला, पण तेलाला परतीची वाट अरुंद मिळाली. मोटरच्या आवरणात दाब वाढला, शाफ्टच्या ऑईल सीलची कड उलटली आणि पाच मिनिटांत पाण्यावर तेलाचा सप्तरंगी तवंग पसरला. सील स्वस्त होते, ते बदलायला अर्धा दिवस पुरला. पाण्यावरचे तेल गोळा करायला मात्र दोन दिवस लागले. तेव्हापासून कपलर बसल्याचा आवाज ऐकल्यावर त्यावरचे कडे फिरवून आणि होज ओढून पाहिल्याशिवाय आम्ही इंजिनला हात लावत नाही. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत हा पंप उतरवायचा असेल, तर याच कारणाने दहादा विचार करावा.

होजवर बारीक छिद्र पडल्याचा संशय आला तर ते बोटाने कधीच चाचपू नये. त्या दाबाचे तेल कातडीतून आत घुसते आणि जखम वरून टाचणी टोचल्याइतकीच दिसली तरी तातडीने रुग्णालय गाठावे लागते. गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधावी.

नागपूरच्या हवेचा आणि मातीचा परिणामही मोजावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा पातळ झालेल्या तेलाने दाब उतरतो आणि सील लवकर झिजतात. म्हणून उन्हाळ्यात पॉवर पॅक सावलीत ठेवावा आणि तेल थंड करणाऱ्या त्याच्या कूलरची जाळी रोज फुंकून काढावी. काळी माती दोन्ही पंपांची सारखीच शत्रू आहे: इम्पेलरमध्ये वाळली की ती विटेसारखी घट्ट होते, म्हणून काम संपताच स्वच्छ पाणी खेचून पंप धुवावा. मुरमाने झीज होतेच; ती दोघांपैकी कोणालाही टळत नाही.

हायड्रॉलिकबाबत एक गोष्ट बहुतेकांच्या हिशेबातून सुटते, ती म्हणजे यात यंत्रे दोन आहेत. पंपाबरोबर इंजिनाचे तेल, हवेचा फिल्टर आणि डिझेल हेही सांभाळावे लागते. उलट, उमरेड, कामठी, सावनेर परिसरातील कोळसा खाणी आणि शहरातील उत्खनन यंत्रे यांच्यामुळे होज क्रिंप करून (टोकाला धातूची जोडणी दाबून बसवून) देणारी दुकाने येथे मिळतात. हायड्रॉलिक मोटरचे सुटे भाग मात्र बहुधा मागवावेच लागतात.

कायमची वीज असलेल्या, तुलनेने स्वच्छ पाण्याच्या तळघरासाठी मी विजेचा पंप घेईन आणि त्याबरोबर अर्थ लीकेज ब्रेकर (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा) लावेन. उघड्या खड्ड्यातील चिखल, खंडित पुरवठा किंवा २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातील अंबाझरी तलाव ओसंडल्यावर झाला तसा पूर या कामांसाठी हायड्रॉलिक घेईन. अशा वेळी पाण्यात वायर सोडण्याचे धाडस कोणी करू नये. मात्र त्या पंपाची जबाबदारी एकाच माणसाकडे देण्याची सोय नसेल, तर हायड्रॉलिक घेऊ नका. आणि घेणारच असाल, तर पैसे मोजण्यापूर्वी विक्रेत्याला शाफ्ट सील, ओ-रिंगचा (गळती रोखणाऱ्या रबरी कड्यांचा) संच आणि एक जादा कपलर जोडी टेबलावर काढून दाखवायला सांगा.