मेटल ऐकणाऱ्याच्या कानाला एटीएच-एम४०एक्स हेडफोन: हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा वापरून

हेवी मेटलसाठी हेडफोन हवाय म्हटलं की एम. जी. रोडवरचा दुकानदार सगळ्यात जास्त बेसवाला डबा पुढे सरकवतो. 'यात दणका आहे' म्हणतो. दणका असतोही, पण गिटार त्याच्याखाली गाडली जाते, आणि गिटारच ऐकू येणार नसेल तर मेटल ऐकायचं तरी कशाला?

गणपतीत रविवार कारंज्यावर ढोल-ताशा ऐकलेल्या नाशिककराला हे लगेच पटेल. ढोलाने छाती हादरते, पण ताल कळतो तो ताशाच्या काडीमुळे. मेटलमधल्या डबल बेसचंही, म्हणजे ड्रमरने दोन्ही पायांनी वाजवलेल्या मोठ्या ड्रमचंही, तसंच आहे. किकचं (त्या ड्रमच्या ठोक्याचं) अंग साधारण ६० ते ८० हर्ट्‌झवर असतं आणि बीटरची (ड्रमवर आपटणाऱ्या हातोडीची) 'टक' ३-४ किलोहर्ट्‌झच्या आसपास. २०० बीपीएमला (मिनिटाला २०० मात्रा) सोळांशाने, म्हणजे एका मात्रेत चार ठोके असे, पाय चालले तर सेकंदाला तेराच्या वर ठोके पडतात. हेडफोनचा बेस रेंगाळला की ते ठोके एकात एक मिसळून नुसती घरघर उरते. गिटारची सर्वांत जाड तार नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ८२ हर्ट्‌झची. डिस्टॉर्शनचा (मुद्दाम फाडलेल्या गिटारच्या आवाजाचा) चावा मात्र त्याच्या कितीतरी वर, मिड्समध्ये, म्हणजे मधल्या स्वरपट्टीत, असतो. म्हणून माझी अट एकच होती: मिड्स मागे ढकललेले नकोत.

त्या अटीवर ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स घेतला. वायरचा, बंद पाठीचा (कप मागून बंद), ४० मिमी ड्रायव्हर (आवाज काढणारी चकती), रोध फक्त ३५ ओहम. त्यामुळे वेगळा अ‍ॅम्प लागत नाही, फोनला साधा टाइप-सी डोंगल लावला की झालं. याचा थोरला भाऊ एम५०एक्स जास्त खपतो, पण त्याचा बेस फुगीर आहे. रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून) ऐकायची असेल तर मी आजही एम४०एक्सच घेईन.

आयर्न मेडन या मेटल बँडमध्ये १९९९ पासून तीन गिटारवादक आहेत. हे तिघे एकत्र वाजवताना कोण काय वाजवतंय हे वेगळं ऐकू येणं, ही माझी पहिली परीक्षा. दुसरी परीक्षा म्हणजे मेडनच्याच स्टीव्ह हॅरिसची बेस गिटार. तो पिक (तार छेडायची पट्टी) न वापरता बोटांनी वाजवतो आणि तारेवर बोट आपटल्याचा खडखडाट हा त्याच्या आवाजाचाच भाग आहे. एम४०एक्सवर दोन्ही स्वच्छ मिळतं. पहिल्यांदा तो खडखडाट नीट ऐकला तेव्हा माहीत असलेली गाणी पुन्हा पहिल्यापासून लावली.

मात्र रेकॉर्डिंगचा दोष हेडफोनवर ढकलू नका. मेटालिकाच्या १९८८ च्या 'अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये बेस गिटार मिक्समध्येच इतकी दाबली आहे की ती कोणत्याही हेडफोनवर नीट सापडत नाही. त्यांचाच २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' मास्टरिंगमध्ये (शेवटच्या ध्वनिप्रक्रियेत) इतका ठोकून मोठा केलाय की चांगल्या हेडफोनवर तो जास्तच कर्कश वाटतो. हे दोन अल्बम लावून कुठल्याही हेडफोनचा निकाल लावू नये.

पंचवटी एक्सप्रेसमध्ये मात्र याची मर्यादा कळते. बंद कप गप्पा आणि चहावाल्याची हाळी बऱ्यापैकी अडवतात, पण रुळांची खालची घरघर आत येतेच आणि किकचं अंग खाऊन टाकते. कुठल्याही साध्या बंद हेडफोनचं हेच होणार. रोजचा प्रवास मोठा असेल तर नॉइज कॅन्सलिंगवाला बघा. घरच्या खुर्चीसाठी हा.

खोक्यात दोन सुट्या वायरी येतात, एक तीन मीटरची सरळ आणि एक गुंडाळीची. टेबलापाशी दोन्ही उत्तम, खिशात फोन ठेवून गंगापूर रोडला चालायला निघालात तर दोन्ही अडचणीच्या. त्यासाठी आखूड वायर वेगळी घ्यावी लागते, आणि घेताना याच्या कपात फिरवून अडकणारी पिन आहे का ते बघा. रेक्झिनसारख्या गाद्या नाशिकच्या थंडीत सुखाच्या, एप्रिल-मेच्या दुपारी घामाच्या. एक अल्बम झाला की मी काढून ठेवतो आणि सुती कापडाने पुसतो.

उघड्या पाठीचे हेडफोन, उदाहरणार्थ ग्रॅडोचा एसआर८०एक्स, गिटारला याहून जिवंत वाटतात. मनापासून आवडतात मला. पण त्यांचा आवाज बाहेर सांडतो, आणि रात्री शेजारी आई झोपलेली असताना ब्लास्टबीट (ड्रमचा अतिवेगवान मारा) लावता येत नाही.

इक्वलायझरमध्ये मी एकच बदल ठेवलाय: २०० हर्ट्‌झच्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी. पाम-म्यूट केलेल्या (तळहाताने तारा दाबून वाजवलेल्या) रिफ त्याने घट्ट होतात. आवाजही आता कमी पुरतो, कारण तपशील ऐकण्यासाठी तो वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० ला मात्र फक्त चार तास. मेटलवाल्यांनो, फोनमधला आवाजाच्या मर्यादेचा पर्याय आजच चालू करा.